सडक कधी भरते, ते उस्मानभाईंना विचारा

मोटार वेळेवर पोचली तर सांगण्यासारखं काही उरतच नाही. गोंदियाला बसलो, सडक अर्जुनीला उतरलो, संपलं! किस्सा जमतो तो मोटार अडल्यावर. पुढं बैलगाड्या, मागं बैलगाड्या, इंजिन बंद, पॅसेंजर उतरून मोहाच्या झाडाखाली बसलेले. मग कोणी तंबाखूची डबी काढतं, कोणी तोंड उघडतं, अन् रस्ता मोकळा होईपर्यंत दोन-चार गोष्टी गोळा होतात.

मी त्या लाइनीवर बारा वर्षं कंडक्टर होतो. त्यातली निम्मी तर उभ्या मोटारीतच गेली असतील. परवा नातसून म्हणाली, "आबाजी, तुमच्याकडे एवढे किस्से येतात कुठून?" मी म्हटलं, "बाई, आमच्या सडकेवर गर्दीच तशी होती!"

आता तुम्ही म्हणाल, इंग्रजाच्या काळात कसली आली गर्दी? मोटारी तर अख्ख्या तालुक्यात बोटावर मोजाव्या इतक्या. खरं आहे. पण गाड्या? पूस, म्हणजे पौष महिना लागला की गावागावातून धानाच्या गाड्या गोंदियाच्या राइस मिलकडे निघायच्या. एकामागे एक, एकामागे एक, शेपूट दिसायचं नाही. त्यात बाजाराचा दिवस आला, लग्नाची तीथ आली, नाहीतर गाई घरी परतायची वेळ झाली, की मोटार म्हणजे नुसता पत्र्याचा डबा! आता लोक ट्रॅफिक म्हणतात. आम्ही म्हणायचो, "सडक भरली."

आमच्या शेठजींच्या दोनच मोटारी होत्या. एक चालवायचे उस्मानभाई, कामठीकडचे, वयानं मोठे, बोलणं कमी. दुसरी चालवायचा दयाराम बिसेन, इथलाच, गोरेगावकडचा, अन् बारा महिने घाईत. मी कधी याच्यासोबत, कधी त्यांच्यासोबत. घरी मात्र कोणासोबत होतो ते विचारायची गरजच पडायची नाही. मी उशिरा आलो की बायको म्हणायची, "आज दयारामसोबत होते वाटते!"

* * *

उस्मानभाई नोकरी मागायला आले तेव्हा मी ऑफिसात होतो. शेठजींनी विचारलं, "गाडी चलाना आता है?"

उस्मानभाई म्हणाले, "चलाना तो सबको आता है, शेठजी. कब नहीं चलाना, वो मुझे आता है."

शेठजींना काही कळलं नाही. पण माणूस आवडला, ठेवून घेतला.

पहिल्याच आठवड्यात गोरेगावचा बाजार आला. दयारामची मोटार आठला सुटायची, उस्मानभाईंची साडेआठला. दयाराम आठच्या ठोक्याला भोंगा वाजवत गेला. साडेआठ झाले, उस्मानभाई चहाच्या टपरीवर बसलेले. पावणेनऊ झाले, तिथंच. पॅसेंजरांत एक पटवारी होते, वक्तशीर माणूस. ते खिडकीतून ओरडले, "अहो ड्रायव्हर, टाइम झाला!"

उस्मानभाई बशीत फुंकर मारत म्हणाले, "टाइम हो गया, पटवारीसाब. सडक नहीं हुई."

साडेनऊला निघालो. पॅसेंजर चिडलेले, पटवारीसाहेब तर तक्रारीचा कागदच लिहायला बसले होते. पण काय सांगू, सडक मोकळी! नुसतं शेण पडलेलं, गाडी एक नाही. अर्ध्या रस्त्यात तलाव लागतो, तिथं उलगडा झाला. पहाटे निघालेल्या सगळ्या गाड्या तलावाच्या पाळीवर, म्हणजे काठाच्या बांधावर, सुटलेल्या होत्या. बैल पाणी पिऊन राहिले होते, माणसं शिदोरी सोडून बसली होती. रोज त्याच वेळी त्या सुटायच्या. आम्ही जन्मभर त्या सडकेवर राहून हे कधी पाहिलं नव्हतं, अन् हा माणूस आठ दिवसांत हेरून बसला होता.

त्या बैलांच्या रांगेतच दयारामची मोटार उभी. बॉनेट उघडं, रेडिएटरातून वाफ. दीड तास गाड्यांच्या मागे पहिल्या गिअरमध्ये रांगून इंजिन उकळलेलं. दयाराम हातात डबा घेऊन तलावाच्या पायऱ्या चढत होता.

उस्मानभाईंनी मोटार हळू केली, मान बाहेर काढली, अन् अगदी काळजीनं विचारलं, "दयाराम, ये लोग बैल को पानी पिलाने लाए, समझ में आता है. तू मोटर को भी लाया?"

पटवारीसाहेबांनी तक्रारीचा कागद फाडला. पुढं ते उस्मानभाईंच्याच मोटारीनं जायचे. स्टँडवर येऊन आधी विचारायचे, "सडक झाली का?"

* * *

एकदा मोठ्या साहेबांचा दौरा आला. मोटारींच्या वेळा नीट बसवायच्या, म्हणजे सडक भरणार नाही, असं वरून काही ठरलं होतं म्हणे. गोरे साहेब, सोबत कारकून, सोबत पट्टेवाले. स्टँडवर खुर्ची टाकली. साहेबांनी कारकुनामार्फत एकेकाला विचारलं, "सडकेवर सगळ्यात जास्त गर्दी कधी असते?"

दयाराम म्हणाला, बाजाराच्या दिवशी. शेठजी म्हणाले, धानाच्या टाइमला. मी म्हटलं, गाई परततात तेव्हा. कारकून लिहून घेत होता.

उस्मानभाईंची पाळी आली. म्हणाले, "हुजूर, जब आपका दौरा होता है."

कारकुनाची लेखणी थांबली. दौऱ्याला साहेबांची मोटार जाईपर्यंत बाकी सगळ्या गाड्या अडवून ठेवायचे ना! पण साहेब हिंदी समजत होते! हसले, अन् म्हणाले, पुढच्या वेळी मी कोणाला न सांगता येईन.

आले ना! पूस महिन्यात, न सांगता, एकटे, स्वतःची मोटार चालवत. ना कोतवाल पुढं धावायला, ना गाड्या बाजूला करायला पाटील. सकाळी निघालेला माणूस दुपारी स्टँडवर पोचला. टोपीपासून बुटापर्यंत धूळ. उस्मानभाईंच्या समोर उभे राहिले अन् म्हणाले, "ड्रायव्हर, दौरा अच्छा है!"

* * *

लढाई लागली अन् पेट्रोल मिळेनासं झालं. मग आमच्या मोटारींच्या मागे कोळशाच्या भट्ट्या बसवल्या. कोळसा पेटवायचा, त्याचा गॅस इंजिनात जायचा, त्यावर मोटार चालायची. चालायची म्हणजे, सपाटीवर चालायची. मुरदोलीच्या जंगलातला चढ आला की खोकायची, अन् मधेच बसायची.

तोपर्यंत आम्ही गाडीवानांना शिव्या द्यायचो. आता सडक आमच्यामुळं भरायला लागली! मागून गाड्या यायच्या अन् गाडीवान मजेत आम्हाला ओलांडून जायचे. दयारामला ते काही सोसायचं नाही. हा माणूस एरवी बैलगाडी दिसली की अर्ध्या कोसावरून भोंगा सुरू करायचा. पाठीशी जाऊन तर असा वाजवायचा की बैल बिचकून नालीत उतरायचे.

एक दिवस त्याच चढावर मोटार बसली ती बसलीच. भट्टी ढवळून झाली, पॅसेंजरांनी ढकलून झालं, हलेना. मागून चैतू उईके आला. चैतू मुरदोलीच्या बाजूचा गाडीवान, जंगलातली लाकडं वाहायचा. काळासावळा, दाट मिशा, चेहऱ्यावर कधी काही दिसायचं नाही. त्याची गाडी त्या दिवशी रिकामी होती.

दयारामनं जरा आवाज खाली आणून म्हटलं, "चैतूभाऊ, बैल जुंपतोस का गा मोटारीले?"

चैतूनं मोटारीभोवती एक फेरी मारली. चाकं पाहिली, भट्टी पाहिली. मग म्हणाला, "जुंपतो. पन एक गोष्ट हाये."

"काय पाहिजे? बोल."

"भोंगा मी वाजवीन."

"काऊन?"

"आठ वर्सापासून ऐकून राहिलो ना. एक डाव वाजवू दे."

काय करता! चैतूसोबत आलेला त्याचा भाऊ बैल धरून पुढं चालला, दोर ताणला, बायाबापड्या मागं चालत. दयाराम स्टेअरिंग धरून, अन् शेजारी चैतू, पागोटं सरळ करून, रबरी भोंगा हातात. पों! पों! पों! चढ संपेपर्यंत. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नव्हतं. पुढं होते ते त्याचेच बैल. दोघंही इतके शहाणे की कान हलवला नाही.

वर पोचल्यावर चैतू उतरला, बैल सोडले, अन् दयारामला म्हणाला, "वाजवाले चांगला आहे. पन जागा होत नाही गा यानं."

त्यानंतर मी दयारामला बैलाच्या पाठीशी भोंगा वाजवताना पाहिलं नाही.

* * *

त्याच लढाईत बिरसीला विमानतळ झालं, अन् कोहमाऱ्याजवळची नागपूर–रायपूरची मोठी सडक लष्करानं भरून गेली. आमचा रस्ता कोहमाऱ्याला त्या मोठ्या सडकेला मिळतो. लष्करी ट्रकांची रांग आली की बाकी सगळ्यांनी खाली उतरून उभं राहायचं, असा हुकूम. एकदा आम्ही दुपारी उभे राहिलो ते गाई घरी चालल्या तेव्हा सुटलो. मोटारीत एक म्हातारी होती, ती म्हणाली, "लढाई संपली का पाहून तर या बाप्पा!"

ट्रक कधी येणार, हे कोणालाच ठाऊक नसायचं. लष्कराचं गुपित! पण महिनाभरात उस्मानभाईंना ठाऊक व्हायला लागलं. कोहमाऱ्याच्या अलीकडे मोटार थांबवायचे, लांबून नजर टाकायचे, अन् म्हणायचे, "अभी नहीं. एक घंटा आराम." तासाभरात धडधडत ट्रक यायचे. नाहीतर म्हणायचे, "चलो, खाली है." अन् खरंच खाली! त्यांचं पाहून दयारामही शिकला, मग लाकडाच्या गाड्यावालेही शिकले. कोहमाऱ्याला कोणी अडकेनाच.

हे एका गोऱ्या कप्तानाच्या लक्षात आलं. आमचे ट्रक येतात, तर सडक आधीच रिकामी कशी? इथं कोणीतरी फितूर आहे! त्यानं उस्मानभाईंची मोटार अडवली. सोबत दुभाषा म्हणून एक हवालदार, आपल्याच बाजूचा. बंदुका घेतलेले दोन शिपाई.  त्या काळात अशा गोष्टीवरून माणूस उचलून नेला तर कुठं विचारणार?

"खबर कौन देता है?" कप्तान ओरडला.

 उस्मानभाईंची नजर सवयीनं नाक्यावरच्या झोपडीकडे गेली. तिथं सुंद्राबाईचं चहाचं दुकान होतं. विधवा बाई, एकटी राहायची, आवाज मोठा. चुलीवर तिचा सगळ्यात मोठा गंज, म्हणजे चहाचं पातेलं, चढलेला.

कप्तानानं सुंद्राबाईला बोलावलं. ती पदराला हात पुसत आली. उस्मानभाई घाईघाईनं म्हणाले, "साब, इसकी गलती नहीं. मैं सिर्फ गंज देखता हूँ. बडा गंज चढा, तो समझो ट्रक आए."

हवालदारानं बाईला दरडावलं, "ट्रक येऊन राहिले, हे तुले कसं मालूम होते?"

सुंद्राबाई त्याच्याहून मोठ्यानं म्हणाली, "कसं म्हनजे? याह्यचाच फटफटीवाला पुढं येते अना म्हनते, बाई, साठ जनाचा चाय ठेव! मी काय साठ जनाचा चाय लुगड्याखाली लपवून मांडू? येवढं गुपित होतं त चाय कायले सांगता गा?"

 कप्तान हवालदाराकडे वळला. "क्या बोलती है?"

हवालदार आधी बाईकडे पाहत राहिला, मग कप्तानाकडे. मग टाच जुळवून म्हणाला, "साब, बोलती है, चाय तैयार है."

* * *

हा किस्सा हसण्याचा नाही, पण यात हसू आल्याशिवाय राहत नाही.

गोरेगावच्या अलीकडच्या एका गावात बाई अडली होती. पहिलंच बाळंतपण. दोन दिवस झाले, दाईनं हात टेकले. नवरा सकाळी धावत मोटारीपुढं येऊन उभा राहिला. त्याला धड बोलताही येत नव्हतं. बाईला बाजेवरून आणून मागच्या सीटवर निजवलं, सासू उशाशी बसली. बाकीचे पॅसेंजर न सांगता उतरले.

मी हळूच म्हटलं, "उस्मानभाई, ही वेळ गाड्यांची. सडक भरली असेल."

"मालूम है," एवढंच म्हणाले, अन् निघाले. त्या वेळेला स्वतःहून निघताना त्यांना मी तेवढं एकदाच पाहिलं.

दोन कोसावर अडकलोच. मिलवाल्यांकडे जागा नव्हती म्हणून धानाच्या गाड्यांची शेपटी इथपर्यंत आली होती. समोरून रिकाम्या गाड्या परतत होत्या. सडक उंच, दोन्हीकडे खाली बांध्या, म्हणजे धानाची शेतं. भरली गाडी खाली उतरवावी तर उलटणार. गाडीवान बिचारे बैल आवळून जेवढं होईल तेवढं सरकत होते, पण सरकायला जागाच नव्हती. आत बाईचं विव्हळणं आधी मोठं होतं, मग बारीक व्हायला लागलं. ते बारीक झालं तेव्हा मला जास्त भीती वाटली.

खालच्या बांधीत डोमा पटले नावाचा शेतकरी होता. धान कापून झालं होतं, जमीन वाळून टणक. तो वर आला, मोटारीत डोकावला.  खाली उतरला, फावडा घेतला, अन् आपल्या बांधावर घाव घातला.

आता हा बांध कोणता? तर डोमा अन् त्याचा सख्खा भाऊ फागू, या दोघांचा भंडाऱ्याच्या कोर्टात नऊ वर्षं खटला चालू होता तो याच बांधावरून! बांध तुझा की माझा. नऊ वर्षांत भाऊ भावाशी बोलला नव्हता. एकाच्या घरच्या लग्नाला दुसरा गेला नव्हता.

फागूनं लांबून पाहिलं, अन् कुऱ्हाड घेऊन धावत आला. "फोड, फोड! साऱ्या गावादेखत फोड! उद्याच जातो भंडाऱ्याले!"

डोमा मान वर न करता खणतच होता. फागू तावातावानं मोटारीपाशी आला, अन् त्याला तो आवाज ऐकू गेला. उभा राहिला. कुऱ्हाड खाली ठेवली. कोणाच्या तरी गाडीतून फावडा ओढून काढला, अन् दुसऱ्या बाजूनं खणायला लागला.

थोड्या वेळानं डोमा म्हणाला, "तुह्या बाजूनं जरा रुंद कर."

नऊ वर्षांनंतरचं ते पहिलं वाक्य! फागूनं रुंद केलं.

गाडीवानांनी हात लावला, उतार केला. उस्मानभाईंनी मोटार खाली घेतली ती अशी, जणू काचेचं भांडं उतरवत आहेत. तीन बांध ओलांडून शेताशेतानं गाड्यांच्या तोंडापुढं निघालो अन् पुन्हा सडकेला लागलो. गोंदियाच्या दवाखान्यात मुलगी झाली. आई वाचली. नवरा उस्मानभाईंचे पाय धरायला लागला, तर ते मोटारीखाली शिरून बसले, काही बिघडलं नसताना.

पुढं खटल्याची तारीख लागली. साक्षीदार म्हणून मलाही बोलावलं होतं. न्यायाधीशांनी नकाशा पुढं ओढला अन् म्हणाले, "वादातला बांध नेमका कुठं आहे, ते दाखवा."

दोघा भावांनी एकमेकांकडे पाहिलं. डोमा म्हणाला, "साहेब, थो बांध त मोटार घेऊन गेली."

* * *

सदाराम गोंदियाजवळच्या रेल्वे फाटकावर फाटकवाला होता. फाटकाला लागूनच त्याची कोठी, म्हणजे रेल्वेनं दिलेली राहायची खोली. त्यानं मुलीचं लग्न काढलं अन् वऱ्हाड आणायला उस्मानभाईंची मोटार ठरली. मुहूर्त होता गोरज.

उस्मानभाईंनी कपाळाला हात लावला. "गोरज? अरे सदाराम, उसी टाइम तो सारी दुनिया सडक पर रहती है!" पण भटजींनी काढलेला मुहूर्त, बदलतो कसा? मग उस्मानभाईंनी वऱ्हाडाला दुपारीच निघायला लावलं. नवरदेवाचं जेवणही धड झालं नव्हतं. पण डोकं असं चालवलं, की गाई सुटायच्या आत गावं मागं टाकली, परतीच्या गाड्या दुपारच्या पाण्याला तलावावर होत्या तेव्हा तलाव ओलांडला. दिवस बराच वर असताना फाटक दिसायला लागलं. नवरदेवाचे वडील म्हणाले, "मानलं गा तुमाले!"

अन् फाटक पडलं.

मालगाडी आली, अन् नेमकी फाटकावरच थांबली. पुढचा सिग्नल मिळेना. अलीकडे नवरदेव, पलीकडे मांडव, मधे डब्यांची भिंत. अर्धा तास गेला, दीड तास गेला. मागून परतणाऱ्या गाई आल्या, बाजारातून सुटलेल्या गाड्या आल्या, डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बाया आल्या. वाजंत्री मोटारीवर बसून वाजवून वाजवून थकले.

अन् फाटकावर कोण? तर स्वतः सदाराम! बदलीचा माणूस तापानं पडलेला, म्हणून मुलीच्या लग्नाच्या दिवशी हाच ड्यूटीवर. डोक्याला नवा फेटा, कपाळाला हळदीकुंकू, अन् हातात झेंड्या. गाडी थांबल्यावर दोन डब्यांच्या फटीतून तो आम्हाला दिसत होता, तेवढाच.

नवरदेवाचे वडील ओरडले, "अवो व्याही! ड्रायव्हरले सांगा ना, गाडी जरा पुढं घे म्हना! मुहूर्त चालला!"

सदाराम ओरडला, "लगीन माह्या पोरीचं आहे, गाडी सरकारची आहे!"

मग वऱ्हाडातल्या दोन-तीन जवानांनी ठरवलं, नवरदेवाला डब्याखालून पलीकडे काढू. त्याचं बाशिंग सोडायलाही लागले. तेव्हा मात्र सदारामचा आवाज फाटला. "खबरदार! कोनी वाकू नका! पाहेलं आहे मी एक डाव. याच फाटकावर पाहेलं आहे. लगीन मोडलं त मोडू द्या, माह्या जवायाले डब्ब्याखालून नाही आनत!"

सगळे मागं सरले. पलीकडून बायकांचं रडणं ऐकू यायला लागलं. भटजी सूर्याकडे पाहून हाका मारत होते, "वेळ टळते आहे, वेळ टळते आहे!" मुहूर्त चुकला तर वऱ्हाड परत जाणार, असं इकडे नवरदेवाचा एक काका बोलूनही गेला. तो नवरा मुलगा खाली मान घालून पायदानावर बसलेला. त्याच्याकडे पाहवत नव्हतं.

उस्मानभाई इतका वेळ स्टेअरिंगवर हात ठेवून बसले होते. ते उतरले, फटीपाशी गेले, अन् तोंडाभोवती हात धरून ओरडले, "पंडितजी! शादी में दोनों के बीच परदा ही पकडते हो ना?"

"हो! अंतरपाट!"

"तो इससे बडा परदा कहाँ मिलेगा?"

 पलीकडून भटजींचा आवाज आला, "मुलीला आणा! मामा कुठं आहे? मुलीला फाटकापाशी आणा!"

इकडे आम्ही नवरदेवाला फाटकापुढं उभं केलं. वाजंत्री थांबले. पलीकडून मंगलाष्टका सुरू झाल्या, अन् इकडे ज्याला जेवढी येत होती तेवढी त्यानं सूर धरला. अक्षता कमी पडल्या तेव्हा गाडीवानांनी कुडत्याच्या खिशातून, पोत्यातून मुठी भरल्या. मोळीवाल्या बायांनी मोळ्या खाली ठेवल्या. मालगाडीचा इंजिन ड्रायव्हर खाली उतरून हे पाहत उभा राहिला होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली.

शेवटचं अष्टक चालू असताना सिग्नल मिळाला. इंजिन ड्रायव्हर धावत वर चढला. भटजी "सावधान" म्हणाले अन् शिट्टी झाली, दोन्ही एकदमच. डबे सरकायला लागले. एक डबा जायचा, फट यायची, फटीत हळदीचं लुगडं दिसायचं, पुन्हा डबा. पुन्हा फट, अन् मुंडावळ्या. पुन्हा डबा. नवरदेवानं पहिल्यांदाच मान वर केली होती, ती खाली केलीच नाही.

शेवटचा डबा जायला लागला. दोन्हीकडून अक्षतांचा पाऊस पडला. मागच्या डब्यातला गार्ड धानानं अन् तांदळानं न्हाऊन निघाला.

सदाराम मात्र तसाच उभा. उजव्या मुठीत अक्षता, डाव्या हातात झेंडी. त्याची बायको पलीकडून ओरडली, "अवो, टाका ना! पोरगी तुमची आहे!"

सदारामनं लाइनीवर इकडे पाहिलं. तिकडे पाहिलं. गार्डाला हिरवी झेंडी दाखवली. मग अक्षता टाकल्या. अन् मग फाटक उघडलं.